अतिशयोक्तीचं उदाहरण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगण्यासारखं आहे तरी काय? एका पोरीनं वर्गात एक वाक्य म्हटलं, मी तिला खाली बसवलं. एवढंच — म्हणजे, एवढंच नाही.

मी कुंभार पिंपळगावजवळच्या एका खेड्यात हायस्कूलला इंग्रजी शिकवतो. त्या दिवशी नववीला अतिशयोक्ती हा अलंकार होता. पोरांना तो फार आवडतो. राईचा पर्वत करायला आपल्याकडं कुणाला शिकवावं लागतं का? एकाचं दप्तर डोंगराएवढं जड, एकाची म्हैस ढगाला टेकलेली. इंग्रजी मोडकंतोडकं, पण वर्ग रंगला होता.

मग सविता उठली. वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी.

"दे विल मॅरी मी, अँड आय विल डाय."

माझं लग्न लावतील आणि मी मरून जाईन. वर्ग खो-खो हसला. मीही — हो, मीही हसलो. "व्हेरी गुड" म्हणालो आणि वाक्य फळ्यावर लिहिलं. वळलो तर ती उभीच.

"सर, वाढवून न्हाई सांगून राह्यले. खरंच सांगून राह्यले."

"बस खाली," मी म्हणालो. "चला, पुढचा."

मला कळलं नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर किती सोपं झालं असतं! पण आदल्याच रविवारी तिच्या घरी सुपारी फुटली, तेव्हा मी पाहुण्यांत बसलो होतो. तिच्या वडिलांनी मला टॉवेल-टोपीचा आहेर केला. ती टोपी घालून मी पोटभर जेवलो, वर मुलाकडच्यांना म्हणालोसुद्धा — पोरगी फार गुणी आहे.

चौदा वर्षांची होती ती. बालविवाहाची तक्रार करायचा नंबर आमच्या शाळेच्या भिंतीवरच रंगवलेला आहे. एक फोन. पण मला त्याच गावात राहायचं होतं, आणि मी भ्यालो. वाईट कशाला व्हा?

घरी ती हे बोलली असती तर मार बसला असता. अलंकाराच्या आडून बोलली तर सगळे हसणार, आणि ज्याला कळायला हवं त्याला कळणार — असाच हिशेब केला असेल तिनं. बरोबर होता तो. मला कळलंच होतं.

दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. हजेरी घेताना मी तिचं नाव गाळायला लागलो. वाईट वाटायचं का? खरं सांगू — काहीच वाटायचं नाही. अजूनही वाटत नाही.

यंदा परतूरच्या बसस्टँडवर ती दिसली. वाळून गेलेली, कडेवर लेकरू. तिनंच मला ओळखलं. नवऱ्याला म्हणाली, "हे आमचे इंग्रजीचे सर. लई जीव लावून शिकवायचे."

आणि लेकरू त्याच्याकडं देऊन ती वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत. पाया पडू दिलं, आणि म्हणालो, "सुखी राहा."