सगळ्यांत पहिली सही बाबांची

नववीत तिसरी भाषा निवडायची होती. आमच्या हिंदी मुलखातल्या शाळेत फक्त संस्कृत होतं. मराठी हवी असेल तर पालकांनी अर्ज द्यावा, असं मुख्याध्यापक म्हणाले. बाबा पेटूनच उठले. आमच्या दाना ओली मोहल्ल्यातल्या एकेका मराठी घरी जाऊन, चहा पिऊन, मातृभाषेवर भाषण ठोकून त्यांनी सह्या आणल्या. शाळेनं खरोखरच शहराच्या दुसऱ्या टोकाच्या, मुरारच्या एक मराठीच्या बाई नेमल्या.

फॉर्म भरताना मी 'मराठी'वर खूण करणार, तेवढ्यात बाबांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि 'संस्कृत'वर खूण केली.

"अहो बाबा, अर्जावर पहिली सही तुमचीच आहे!"

"ती समाजासाठी. संस्कृतमध्ये नंबर चांगले येतात, बेटा. मराठी काय, घरी बोलतोच आपण."

घरोघरी हेच झालं असणार, कारण मराठीच्या वर्गात एकही मूल आलं नाही. बाबा मात्र त्या सह्यांची गोष्ट मराठी मंडळात अजून छाती फुगवून सांगतात.

बाईंना संस्कृत येत होतं, म्हणून शाळेनं त्यांना आमचाच वर्ग दिला. पहिल्या दिवशी हजेरी घेताना प्रत्येक मराठी आडनावाशी थांबून त्यांनी मान वर केली आणि नीट पाहून घेतलं. मग वर्षभर त्या आमच्याशी हिंदीतच बोलल्या.