हसताना पोटाशी उशी

कर्वेनगरच्या आमच्या मेसच्या काकू कुणाचीच भीड ठेवत नसत, स्वतःच्या शरीराची तर मुळीच नाही. मेसमधलं कुणी "काकू, किती बारीक झालात" म्हणालं, की त्या पोळी लाटता लाटता म्हणत, "मी झाले बारीक. कातडी अजून जुन्याच मापाची आहे."

दोन वर्षं रोज सकाळी टेकडी चढून त्यांनी वजन जवळजवळ निम्म्यावर आणलं होतं. पण पोटाची सैल कातडी झोळीसारखी लोंबायची. तिच्या घडीत घाम साचून जखमा होत आणि चालताना त्या घासत. शेवटी टेकडीच बंद पडली. चालणं थांबलं तर वजन परत येईल, या धास्तीनं त्यांनी ती कातडी काढून घ्यायचं ठरवलं.

मी वाशीमकडच्या खेड्यातून बीसीए करायला आलेली, आमच्या घरातली पहिलीच कॉलेजात गेलेली मुलगी. काकूंच्याच वरच्या खोलीत राहायचे. असलं ऑपरेशन सिनेमातल्या बायका करतात, एवढंच मला ठाऊक. आई फोनवर म्हणाली, "चांगली धडधाकट बाई कायले कापून घेते?" काकूंच्या वारज्याला राहणाऱ्या थोरल्या जाऊबाईंनी तर तोंडावरच म्हटलं, "पन्नाशीत नटायची हौस."

"हो ना," काकू म्हणाल्या, "पोट दाखवत लक्ष्मी रोडवर फिरणार आहे."

दवाखान्यातून त्या आल्या त्या कमरेत वाकूनच. टाके ताणू नयेत म्हणून सरळ उभं राहायचं नव्हतं. झोपताना पाठीमागे उशा, गुडघ्यांखाली उशा. पोटाला घट्ट पट्टा, आणि दोन्ही बाजूंना आतलं पाणी बाहेर काढणाऱ्या बारीक नळ्या. ते पाणी रोज मापायचं काम मी मागून घेतलं, पण पहिल्या दिवशी माप दोनदा चुकलं. "प्रॅक्टिकल समज," काकू म्हणाल्या. "मार्क मी देते."

खोकताना, हसताना पोटाशी उशी गच्च धरावी लागे. म्हणून त्यांनी मेसमध्ये जाहीर केलं, की ज्याला विनोद करायचा असेल त्यानं आधी हात वर करावा. आयटीतली दोन मुलं खरंच हात वर करून बोलायची.

दहाव्या दिवशी नळ्या निघाल्या. अकराव्या दिवशी जाऊबाई नारळ घेऊन बघायला आल्या. खाली वाकू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण थोरली जाऊ दारात आली की पाया पडायचं, ही काकूंची लग्नापासूनची सवय. मी "काकू, नको" म्हणेपर्यंत त्या वाकल्या, आणि उठताना एका कडेचे टाके उसवले. पट्ट्यावर लाल डाग पसरला.

डॉक्टर म्हणाले, आता ती जागा आतून भरून येऊ द्यायची. रोज ड्रेसिंग. टेकडीचं नंतर बघू. मला वाटलं, आता तरी काकू रडतील. त्यांनी आरसा मागितला, जखम नीट पाहिली आणि म्हणाल्या, "उसवलंय. भरेल." स्वतःकडे इतकं न घाबरता बघणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी जाऊबाई आल्या, पदर खोचला आणि परातीसमोर बसल्या. जखम भरेपर्यंत मेसच्या पोळ्या त्यांनीच केल्या.

"वहिनी, जाड होतायत," काकू कॉटवरून म्हणायच्या.

"जाडच खा. आता तुला चालतं."

काकू घाईघाईनं उशी ओढून घेत.

जखम भरायला सात आठवडे लागले. या कमरेपासून त्या कमरेपर्यंत जाड, तांबूस रेघ राहिली. जाऊबाईंनी ती एकदाच पाहिली. "दुखतं का गं?" त्यांनी हळूच विचारलं. काकू म्हणाल्या, "तिथं काही कळतच नाही अजून."

दिवाळीनंतर टेकडीची परवानगी मिळाली. चक्कर आली तर धरायला म्हणून मी सोबत गेले. पहिल्या चढापर्यंत काकू जपून चालल्या, मग त्यांनी वेग धरला. मी धापा टाकत मागे पडले.

"अहो काकू, थांबा की."

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "तू बस त्या दगडावर. मी जाऊन येते."

मी बसले, आणि त्या वळणाआड दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिले.