काय नाही होत, ते आधी सांगा

एमेस्सीला कुणीही काम सांगितलं की तिचा पहिला प्रश्न उलटा असायचा. ‘‘कसं करायचं?’’ असं ती कधी विचारत नसे. ‘‘यात काय नाही होत, ते आधी सांगा.’’ पांढुर्ण्याच्या संत्र्याच्या वखारीत आम्ही सगळे हसायचो. सुखदेव ड्रायव्हर म्हणायचा, ‘‘काय नाही होत? या पोट्टीचं लगन नाही होऊन राह्यलं, दुसरं काय!’’ ती चिडत नसे. ‘‘ते काकाजीच्या हातात आहे. तुम्ही तुमच्या गाडीचं सांगा.’’

नागपूरला युनिव्हर्सिटीत गणितात एम.एस्सी. करायची, म्हणून एमेस्सी. वडील सौंसरला मास्तर, वखार धाकट्या चुलत्याची. ती चुलत्याला काकाजी म्हणे, म्हणून हमालापासून मुनिमापर्यंत सगळ्यांचेच ते काकाजी. शेवटच्या वर्षाला तिला ऑपरेशन्स रिसर्च नावाचा विषय होता. हे काय असतं, असं मी एकदा भीत भीत विचारलं.

‘‘माणसं कमी, गाड्या कमी, वेळ कमी. काम तर झालंच पाहिजे. मग कोणती गाडी कुठे पाठवायची, त्याचं गणित.’’

‘‘हे तर काकाजी रोजच करून राह्यले, ताई.’’

‘‘हाव. पण काकाजी ओरडून करतात. मी मांडून करते.’’

मी भंडाऱ्याकडचा. शाळा सातवीतच सुटली. संत्र्याच्या पेटीत खाली-वर धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, घालावं लागतं. ते तणस आमच्याकडून येतं. अशाच एका गाडीवर बसून मी इकडे आलो आणि पेट्या भरायच्या कामाला राहिलो. माझा स्वभाव घाबरट. खिळा फळात शिरेल, ताडपत्री उडेल, पट्टा तुटेल, हेच दिवसभर तोंडात. वखारीत मला पनोती म्हणायचे. मी तोंड उघडलं की लोक उठून जात. एमेस्सी मात्र रिकामी पेटी पालथी घालून समोर बसायची. ‘‘अजून काय बिघडू शकतं? सांगा भाऊ.’’ पेट्यांवर मार्का मारायचा काळा रंग घेऊन ती माझी एकेक भीती एकेका फळीवर लिहायची. ‘‘याला आमच्यात भीती नाही म्हणत. बंधन म्हणतात. बंधनं कळली की उत्तर तेवढ्यातच कुठंतरी असतं.’’ माझ्या भीतीला असं मानाचं नाव त्याआधी कुणी दिलं नव्हतं.

तिची आणखी एक सवय होती. सगळ्या फळ्या भिंतीला टेकवून झाल्या की मधलीच एखादी उचलून बाजूला ठेवायची आणि स्वतःशीच पुटपुटायची, ‘‘आणि हे नसतं तर?’’ कधी फळी परत जागेवर जायची, कधी चुलीत.

त्या वर्षी संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला आला होता. ती दिवाळीच्या सुट्टीत आली, ती एक अडचण घेऊनच. परीक्षेसाठी तिला खऱ्या धंद्यातलं एक गणित सोडवून दाखवायचं होतं, आणि घरात तिच्या परत जाण्यावरूनच वाद सुरू होता. काकाजींनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, ‘‘दिल्लीचा सौदा हिच्या हातात देतो. डबा भरून गेला तर जाईन हे पोट्टी नागपूरले. नाही गेला, तर काटोलचे पाहुणे येऊनच राह्यले. मग चहाचा ट्रे घेऊन मुकाट बाहेर यायचं.’’ मास्तर खाली मान घालून बसले होते. एमेस्सी म्हणाली, ‘‘कबूल.’’

सौदा असा होता. संध्याकाळच्या गाडीला पांढुर्णा स्टेशनात पार्सलचा एक डबा लागणार. तो सौंसर आणि मोहगावच्या बागांतल्या पेट्यांनी भरायचा. लोधीखेड्याचा माल नागपूरच्या बाजारासाठी. एमेस्सीने तोडणाऱ्यांना, बागवानांना, सुखदेवला, मला, सगळ्यांना तिचा तो प्रश्न विचारला. भिंत फळ्यांनी भरली. सौंसरचा माल ठरल्यासारखा स्टेशनात पोचला. शेवटच्या दिवशी सकाळी मोहगावच्या बागेत तोडणी, तिथेच पेट्या भरायच्या आणि थेट डब्यात.

त्या सकाळी ती, मी आणि सुखदेव ट्रक घेऊन बागेत पोचलो, तर बाग गप्प. ना शिडी, ना झाडाखाली फळं निवडणाऱ्या बाया. झाडं मात्र फळांनी वाकलेली. राखणदार म्हातारा बिडी ओढत बसला होता.

‘‘माणसं कुठं आहेत, बाबा?’’

‘‘आज कोन येईन, बाई? मोहगावचा बाजार हाये ना.’’

‘‘मग मी विचारलं तेव्हा कुणी सांगितलं काऊन नाही?’’

म्हातारा तिच्याकडे पाहतच राहिला. ‘‘सांगाचं काय त्यात? बाजाराच्या दिवसाले कोनी मजुरीले जाते का?’’

बाजाराच्या दिवशी बाग बंद, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. लहानपणी ती याच बाजारात आईचं बोट धरून बांगड्या भरायला आली होती. काय होत नाही, असं विचारल्यावर बाजार कुणाच्याच तोंडी आला नाही, तिच्याही मनात नाही. सूर्य रोज उगवतो हे कुणी सांगत बसतं का, तसंच.

तिचा चेहरा पांढरा पडला. सुखदेव हळूच म्हणाला, ‘‘चाला बाई, काकाजीले सांगून टाकू. काटोलवाले काही वाईट लोक नाहीत.’’ त्याला धीरच द्यायचा होता. तिने माझ्याकडे पाहिलं.

‘‘भाऊ, घाबरा. मोठ्यानं घाबरा.’’

मी सुरू झालो. माणसं दुपारशिवाय बाजारातून निघणार नाहीत. आली तरी तोडणी, निवड, भराई, एवढं होणार नाही. गाडी थांबणार नाही. तयार पेट्या कुठंच नाहीत. होत्या त्या लोधीखेड्याला, कालच भरून ठेवलेल्या, पण त्या तर नागपूरच्या...

‘‘त्या नागपूरच्या, हे कोणी ठरवलं?’’

‘‘तुम्हीच, ताई.’’

‘‘मग हे नसतं तर?’’ असं म्हणेस्तोवर ती ट्रकमध्ये चढलीसुद्धा.

लोधीखेडा म्हणजे स्टेशनच्या उलट दिशेला. जाताना रस्ता मोकळा मिळाला. पेट्या चढवताना मी मोजत नव्हतो, फक्त उन्हाकडे बघत होतो. परतताना सौंसरला कापसाच्या बैलगाड्यांची रांग रस्ताभर उभी. सुखदेव हॉर्नवर हात ठेवून शिव्या देत होता. बैल ढिम्म. एमेस्सी वखारीतून सोबत आणलेल्या एका फळीची कड नखांनी कुरतडत होती. ही नागपूरला गेली नाही तर माझं ऐकणार कोण, हेच माझ्या डोक्यात.

स्टेशनात पोचलो तेव्हा गाडी उभी होती. हमालांसोबत मी, सुखदेव आणि ती स्वतः, सगळे पेट्या उचलत होतो. गार्डाची शिट्टी झाली आणि शेवटची पेटी आत ढकलून मी दार ओढलं.

काकाजी फलाटावरच होते. ‘‘लोधीखेड्याचा माल हा. उद्या नागपूरवाल्याले काय देशीन?’’

‘‘मोहगावचा. बाजार आज आहे, उद्या नाही.’’

‘‘हे काल काऊन नाही सुचलं?’’

‘‘काल बाजार फळीवर नव्हता, काकाजी.’’

काकाजींनी रुळांकडे नजर वळवली. मग म्हणाले, ‘‘मी बी नाही सांगितला.’’ जाता जाता मागे न बघताच बोलले, ‘‘काटोलवाल्यायले कळवून टाकतो. परीक्षेनंतर पाहू.’’

पुढे ती पास झाली. दक्षिणेकडे कुठल्याशा कारखान्यात मोठ्या जागेवर लागली, असं मास्तर सांगायचे. पांढुर्ण्यात काही पुन्हा तिचं येणं झालं नाही. आजही कुणी नवं काम सांगितलं की मी आधी घाबरून घेतो, आणि मग एकेक भीती उचलून बघतो.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो त्या सुट्टीच्या शेवटचा, सौंसर स्टेशनातला निरोप. नागपूरच्या छोट्या रेल्वेगाडीत मी तिची कपड्यांची पेटी चढवली. खिडकीतून तिने विचारलं, ‘‘भाऊ, तुम्ही गावाकडे काऊन नाही जात?’’

दिवाळीही मी वखारीतच काढली होती. आईचा निरोप कुणी ना कुणी आणायचं. मी म्हणालो, ‘‘नाही जमत, ताई. हंगामात सुट्टी नाही. बसनं जायचं तर दोन जागी बदला, वाटेतच दिवस जाते. तेवढ्यासाठी काकाजी सोडत नाहीत.’’

‘‘तणसाची गाडी खाली झाली की कुठं जाते?’’

‘‘आमच्याकडेच. सरळ.’’

‘‘भरून?’’

‘‘नाही. रिकामी.’’

ती नुसती हसली. गाडी हलली. तणसाची ती गाडी दर खेपेला मी माझ्या हातांनी खाली करत होतो.

पुढच्या खेपेला काकाजींना विचारलं. ते म्हणाले, ‘‘परतीच्या खेपेसोबत येशीन ना? मग जा की.’’ डाग पडलेली थोडी संत्री टोपलीत घेतली. ट्रकच्या तळाला जरासं तणस उरलं होतं. त्यावर बसून मी घरी गेलो.