तीस सेकंदांच्या पुढे

हेडफोनचा एक कान बाजूला सरकवून, उजव्या हाताचं बोट वर करून ताई विचारायच्या, "पूर्ण ऐकलंस का?" उत्तर त्यांना आधीच ठाऊक असे. मी ऐकलेलं नसे. आमच्याकडे कुणीच ऐकत नसे.

नोएडातल्या आमच्या ऑफिसात जगभरातली गाणी येतात आणि आम्ही त्यांना लेबलं लावतो. भाषा कोणती, प्रकार कोणता, कोणत्या प्रसंगाला चालेल. ॲपवर तुम्ही 'व्यायामासाठी' किंवा 'लग्नासाठी' अशी यादी उघडता ना, तिच्यामागे आमच्यासारखी माणसं बसलेली असतात. तीस सेकंद ऐकायचं, खूण करायची, पुढे जायचं. दिवसाला दीडशे गाणी झाली पाहिजेत. ताई चाळिसावर अडकत.

त्या मूळच्या पुण्याच्या. यजमानांची केंद्र सरकारातली नोकरी म्हणून दिल्ली, आणि मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेली, घर खायला उठलं, म्हणून ही नोकरी. पन्नाशी उलटलेली. आधी शाळेत संगीत शिकवायच्या. मी त्यांचा टीम लीड, वयाने वीस वर्षांनी लहान. डब्यातलं अर्धं थालीपीठ माझ्यासमोर ठेवून मगच त्या माझ्याशी भांडत. साहेबाशी भांडायची ही रीत तुम्हीही कुठे ना कुठे पाहिली असेल.

भांडण बहुतेक आफ्रिकेवरून होई. लागोसहून, आक्राहून, जोहान्सबर्गहून गाण्यांचा नुसता लोंढा येत होता. सगळ्या जगाला त्यांचं वेड लागलेलं. आमच्या यादीत त्यांना खण एकच, 'आफ्रिकन'. ताईंना ते सहन होत नसे. लावणी, भांगडा आणि ठुमरी एका डब्यात कोंबून वर 'भारतीय' असं लिहिशील का, म्हणायच्या. एकाच गाण्यात त्यांना चर्चमधलं समूहगान सापडे, जुन्या वळणाची गिटार सापडे, अमेरिकेतलं रॅप सापडे आणि खाली जोहान्सबर्गचा तो संथ, खोल ठोका. भाषाही तीन-तीन. एकदा मी वैतागून म्हणालो, "ताई, काहीतरी एक लिहून टाका ना यार."

"तुझ्या घरी काय चालतं रे?" त्या म्हणाल्या. "मराठीत सुरुवात, हिंदीत भांडण, इंग्रजीत निकाल. लिही बघू तुझ्या घरापुढे एक भाषा."

मी थालीपीठाचा पुढचा घास घेतला.

मग ते गाणं आलं. लागोसचं. ठेका असा, की बसल्या जागी खांदे हलावेत. मी तीस सेकंद ऐकून ते 'लग्नासाठी'च्या यादीत टाकलं आणि ते तुफान चाललं. ताईंच्या वरच्या मजल्यावर लागोसचीच एक मुलगी भाड्याने राहायची, फार्मसी शिकणारी. अडलेल्या शब्दांसाठी ताई तिच्याकडे जात. तिने सांगितलं, की गायकाने हे गाणं वारलेल्या भावासाठी केलंय. शेवटच्या मिनिटात तो त्याला हाका मारतो. ताईंनी मला न विचारता गाणं यादीतून काढून टाकलं. वरच्या साहेबांचे फोनवर फोन, माझी पळता भुई थोडी. तिसऱ्या दिवशी बघतो तर गाणं परत जागेवर. झालं होतं असं, की गाणं काढल्याचं ऐकून ती मुलगी हसली होती. म्हणाली होती, आंटी, आमच्याकडेही लग्नात यावरच नाचतात; गेलेल्या माणसाला वगळून कसलं लग्न?

"म्हणून परत ठेवलं," ताई म्हणाल्या. "पण आता माहीत असून ठेवलं."

वरच्यांना एवढ्या बारकाव्यात रस नव्हता. दोन दिवस गाणं यादीबाहेर राहिलं, याची नोंद झाली. चाळीस गाण्यांची तर रोजच होत होती. नोकरी जाणार, हे त्यांना सोडून सगळ्यांना कळलं होतं. कदाचित त्यांनाही कळलं असेल, पण त्यांनी ऐकायचा वेग काही वाढवला नाही. मीही त्यांच्या बाजूने वर जाऊन बोललो नाही.

दिवाळीनंतर पत्र आलं, चार पानांचं. माझ्या सहीने द्यायचं होतं. आत काय आहे ते ठाऊक होतं, म्हणून मी वाचायच्या भानगडीत न पडता सही केली आणि दुपारी मीटिंगच्या छोट्या खोलीत त्यांच्या हातात दिलं. वाटलं, वरवर बघतील. त्यांनी चष्मा लावला आणि चारही पानं ओळ न् ओळ वाचली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. शेवटी चष्मा काढून त्यांनी विचारलं, "पूर्ण वाचलंस का?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, पत्राची घडी पर्समध्ये ठेवली आणि डबा आणायला जागेवर गेल्या. विचारताना बोट वर केलं नव्हतं.

संध्याकाळी मेट्रोत मी माझी प्रत उघडली. चौथ्या पानावर कारण दिलं होतं: वारंवार सूचना देऊनही गाणी शेवटपर्यंत ऐकतात. त्याखाली माझी सही. मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

आता त्यांचं काम यंत्र करतं. 'आफ्रिकन' हा खण अजून एकच आहे. परवा ते भावाचं गाणं मी पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. शेवटच्या मिनिटात ठेका थांबतो आणि नुसता आवाज उरतो. एकच नाव, चार वेळा. मग ठेका परत येतो. ताईंना सांगावं असं फार वाटलं. फोनमध्ये नंबरही काढला. त्या पहिला प्रश्न कोणता विचारतील हे ठाऊक होतं, आणि या वेळी माझं उत्तर खरं होतं. पण तेच 'हो' मी त्यांना पत्राच्या दिवशी खोटं देऊन बसलो होतो.