तराजूत घातलेलं ग्राफिक्स कार्ड

आमच्या पणदऱ्याच्या घरात कॉम्प्युटर आला तो भावकीत आला म्हणून. पोरीच्या शिक्षणासाठी घेतोय, असं वडील पाहुण्यांना सांगत. मला तो गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायला हवा होता आणि तसं मी तोंडावर सांगितलंही होतं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी बारामतीला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचे, त्यामुळं घरात ही एकच गोष्ट मला बाकीच्यांपेक्षा जास्त कळत होती. एकदा घेतलेलं मशीन पुन्हा कुणी बदलून देणार नव्हतं. पडद्यावर चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड चुकलं की माझा गेम कायमचा गेला.

मी ठरवूनच ठेवलं होतं. मशीन मध्यम, तर कार्डही मध्यमच, पण पळती चित्रं काढणारी नवी चिप असलेलं. क्लासमधली मासिकं वाचून वाचून मी त्याचं नावगाव पाठ केलं होतं. वडील म्हणाले, "तू म्हनशील तेच घिऊ." आणि खरेदीच्या दिवशी त्यांनी सोबत तात्यांना घेतलं, इंदापूरहून दाजींनाही बोलावलं.

तात्या म्हणजे माझे चुलते, गावातले नावाजलेले पारखी. कुणाला विहिरीवर मोटर बसवायची असली की दुकानात तात्यांना नेत. तात्या मोटर उचलून बघत. जड असली म्हणजे आत तांबं जास्त, म्हणजे लवकर जळायची नाही. मोटरपुरतं ते खरं होतं, नाही म्हणत नाही. दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान, इंदापुरात कुठल्याशा कचेरीत होते. तिथला कॉम्प्युटर प्लॅस्टिकच्या कव्हरखाली झाकलेला असे आणि दाजींचं टेबल त्याच्या समोर होतं. एवढ्या भांडवलावर ते आमच्या घराण्याचे कॉम्प्युटरतज्ज्ञ झाले होते.

दुकानदारानं दोन कार्डं पुढ्यात ठेवली. एक मी सांगितलेलं, तळहातात मावणारं. दुसरं लांबलचक, जुनं, छपाईची डिझाइनं करणाऱ्यांच्या कामाचं. ते त्याच्याकडं कधीचं धूळ खात पडलं असणार. तात्यांनी दोन्ही हातांत एकेक कार्ड घेतलं, डोळे मिटले आणि हात खालीवर केले. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून शेजारच्या किराणा दुकानात जाऊन ती दोन्ही तराजूच्या पारड्यांत घातली. पारड्याला गूळ चिकटला होता. लांबड्या कार्डाचं पारडं धाडकन खाली गेलं.

"बघ पोरी, ह्यात माल हाय," तात्या म्हणाले.

"तात्या, ही मोटर न्हाय. लांबडं कार्ड छपाईवाल्यांचं हाय. त्याच्यावर गेम पळायचाच न्हाय."

"पाटी मोठी म्हंजी चित्रंबी मोठी दिसत्यात," दाजींनी मत दिलं. "आमच्या कचेरीतबी मोठंच हाय."

त्यांच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरचा डबा कुणी उघडून पाहिला होता? पण एवढं ऐकल्यावर वडिलांनी माझ्याकडं न बघता लांबड्या कार्डाकडं बोट केलं. मला रडू नाही आलं. संताप आला, आणि या तिघा शहाण्यांची किळस आली. दुकानदार मात्र खुशीत होता, त्यानं सगळ्यांना चहा पाजला.

घरी गेम लावला तर रस्त्याचं एक चित्र दिसे, मग मी चहाचा घोट घ्यावा, मग दुसरं चित्र. तात्या मागं उभे राहून म्हणत, "पळती की गाडी." भावकीतले येऊन कार्डाचा हा मोठा रिकामा खोका बघून गेले, त्यांची तोंडं उतरली, आणि आमच्या मंडळींच्या लेखी खरेदी तिथंच फळाला आली.

मी स्वस्थ बसणारी नव्हते. आमच्या क्लासच्या खालीच लग्नपत्रिका छापणाऱ्याचा प्रेस होता आणि त्याला नेमकं तसलंच लांबडं कार्ड हवं होतं. त्याला घेऊन मी थेट दुकानात गेले आणि बदली ठरवली. लांबडं प्रेसवाल्याकडं गेलं, त्याच्या पैशात लहान माझ्याकडं आलं. "घरी विचारलंय का?" दुकानदारानं विचारलं. म्हटलं, विचारलं म्हणूनच ही पाळी आली. घरी येऊन पेचकस घेऊन कार्ड माझं मीच बसवलं. गाडी अशी सुटली की मी खुर्चीतच वळणं घेऊ लागले.

पुढं एका सणाला सगळे जमले. गेम चालू होता. तात्यांनी थोडा वेळ बघितलं आणि दाजींना कोपरानं ढोसलं. "आता कसं? म्हनलं न्हवतं, जड हाय ते पळनारच!"

एवढं ऐकून गप्प बसायला मी काही देवी नव्हे. मशीन बंद केलं, डब्याचं झाकण काढलं, कार्ड उपसलं आणि तात्यांच्या तळहातावर ठेवलं. "तुमचं कार्ड कवाच बदललंय. हे मी आणलंय. ह्याच्यावर पळतीया गाडी."

वडील खाली बघू लागले. तात्यांनी कार्ड उलटंपालटं केलं. मला वाटलं, आता तरी.

"लई बारीक झालं गं," ते हळहळून म्हणाले. "दिवसरात चालवतीस. काहिलीतल्या उसाच्या रसावानी तापून आटलंय बघ."

दाजींनी गंभीरपणे मान हलवली. "आटतंय. आमच्या कचेरीतलंबी आटलंय."