खाडीकाठी लावलेली गाडी

जानेवारीतला दुसरा रविवार. हजर: मी आणि माझी सास्तूरची वर्गमैत्रीण. गैरहजर: अब्बा आणि त्यांच्याजवळ थांबायला पुण्याहून आलेला माझा धाकटा भाऊ. ते दोघं उमरग्यात, घरी.

मैत्रीण सहा वर्षांनी कॅनडाहून आली होती. तिला खाडी बघायची होती. "समुद्र सगळेच बघतात. मला खाडी दाखव. आणि सावकाश. कुठं पोचायचं न्हाय." मी शाळेत शिकवते, माझा दिवस तासांवर चालतो. कुठं पोचायचं नाही अशा प्रवासाची तयारी कशी करतात हे मला ठाऊक नव्हतं. तरी पाच दिवसांचा कागद केला, गाडीत हवा भरली, आणि फ्रिजवर भावासाठी बावीस कलमं चिकटवली: गोळ्यांच्या वेळा, डाव्या हाताचा व्यायाम, नळ कधी येतो, अब्बांना उठवताना कुठल्या बाजूनं धरायचं. चार वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू लुळी पडली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. मी एक रात्रही बाहेर राहिले नव्हते.

शनिवारी निघताना भाऊ फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, "आपा, अब्बांना मी पुण्याला नेतो. कायमचं. घर तळमजल्यावर आहे, समोर दवाखाना आहे. तू बुधवारी परत आलीस की हो-नाही सांग."

मी त्याला नळाची वेळ पुन्हा एकदा सांगितली आणि गाडी सोलापूरच्या रस्त्याला लावली.

रात्री वाटेत मुक्काम करून रविवारी गगनबावड्याचा घाट उतरलो आणि हवा बदलली. जानेवारी असून अंग चिकट. रस्त्याच्या एका अंगाला नारळी, दुसऱ्या अंगाला चिखलात उभी कांदळवनं, मुळं वर काढलेली. बगळे दिसले की मैत्रीण म्हणायची, थांब. कोळीण दिसली, थांब. चिखलावर उड्या मारणारा बोटभर मासा दिसला तेव्हा तर तिनं मला पाऊण तास उभं केलं.

"असं थांबत राहिलो तर किती वाजता पोचू?"

"कुठं?"

"तेच विचारतेय मी."

"मास्तरीण, घंटा झाली न्हाय अजून. बस की जरा."

मी बसायचे आणि घरी फोन लावायचे. सकाळपासून पाच झाले होते. पाचव्याला भाऊ म्हणाला, "आपा, टेन्शन नक्को लो. तुझा कागद पाठ झालाय." मैत्रिणीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि गाडीच्या कप्प्यात टाकला. "एक तास. फक्त एक तास न्हाय बोलायचं."

तिथं रस्त्यावरून खाडीत उतरणारा एक दगडी उतार होता. खाली घट्ट, ओलसर वाळू, वर एका झाडाची सावली. बाजूला दोन होड्या कलंडून पडल्या होत्या. मोडक्या असतील, कुणी टाकून दिल्या असतील, असं मला वाटलं. पाणी चांगलं पन्नास पावलं लांब. मी गाडी खाली उतरवून सावलीत लावली, हँडब्रेक ओढला, चारही दारं तपासली. मग आम्ही बांधावरून चालत निघालो.

बोलणं फिरून अब्बांवर आलंच. मी तिला सगळं सांगितलं. भावाचा फ्लॅट, माझी शाळा, पुण्यातले डॉक्टर, उमरग्यातले डॉक्टर. याच्या बाजूनं काय, त्याच्या बाजूनं काय. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "अब्बांना विचारलंस?"

"काय?"

"कुठं राहायचंय ते."

मी म्हणाले, आधी आमचं दोघांचं ठरू दे. ती पायाखालचे खेकडे बघत म्हणाली, "माझ्या आईला आम्ही तिघा भावंडांनी वाटून घेतलं होतं. चार-चार महिने. लई चोख पाळलं, बघ. एक दिवस मागं-पुढं न्हाय. तिला विचारलं मात्र कुणीच न्हाय. म्या पण न्हाय." तिचं बोलणं असं मध्येच गावाकडचं होतं, कॅनडात राहूनसुद्धा.

मी घड्याळ बघितलं. "चल, तास झाला," म्हणाले.

परत आलो तर वाळू नव्हती. होड्या सरळ उभ्या राहून डुलत होत्या. गाडीची चाकं निम्मी पाण्यात होती. बांधावरून एक म्हातारे गृहस्थ हातवारे करत ओरडत होते, "गाडी हय कोणी लावली? भरती लागली मा!"

आमच्याकडं तळ्याचं पाणी पावसाळ्यात एकदा वर येतं, आणि मग जूनपर्यंत मागं-मागंच सरकतं. सकाळी तळ्याकाठी लावलेली गाडी संध्याकाळी पाण्यापासून लांबच असते. पन्नास वर्षं मी पाणी असंच बघितलं. भरती हा शब्द मी मुलांना भूगोलात शिकवते, फळ्यावर चंद्र काढून.

"तुमी खंयसून इलात?" म्हातारबांनी विचारलं. मी जिल्ह्याचं नाव सांगितलं. "थंय पाणी नाय?"

"आहे की," मैत्रीण म्हणाली, "पण ते एवढं आगाऊ न्हाय."

बांधावर जमलेले लोक हसले, दोर आला, वरच्या दुकानाचा टेम्पो आला. मी गुडघाभर पाण्यातून आधी कप्प्यातला फोन काढला. घरून चार कॉल येऊन गेलेले. मी पाण्यातच उभी राहून उलट फोन लावला.

भावानंच उचलला. "काही झालं नाही, आपा. अब्बांना तुझ्याशी बोलायचंय. काय ते मला सांगत नाहीत."

फोन अब्बांकडं गेला. मागं माणसं "हेऽऽ लाव जोर" करत होती. तेवढ्यात विचारता आलं असतं. कुठं राहायचंय, एवढं एकच वाक्य होतं.

"अब्बा, दुपारची गोळी घेतलीत?"

"घेतली, बेटा." आणि मग, "तू कशी आहेस? पाणी बघितलंस?"

"बघितलं. वर येतंय ते, अब्बा."

ते हसले. "बरं. मग नंतर बोलू," म्हणाले आणि फोन भावाला दिला.

गाडी निघाली. म्हातारबांनी सांगितलं तसं वरच्या विहिरीवर गोड्या पाण्यानं ती खालून धुतली. बुधवारी ठरल्या वेळी घरी पोचलो. मैत्रीण दुसऱ्या दिवशी सास्तूरला गेली. भावाला मी म्हणाले, थांब थोडा. त्यानं रजा वाढवली. अब्बांनी नंतर विषय काढला नाही, मीही नाही. ते जातो म्हणाले तर मला काय वाटेल हे मला कळतंय. राहतो म्हणाले, आणि ते माझ्याकडं बघून म्हणाले, तर काय करायचं हे कळत नाही.

हे लिहितेय तेव्हा शनिवार आहे. भाऊ सोमवारी सकाळच्या एसटीनं निघणार. अब्बा पलीकडच्या खोलीत त्याला पेपर मोठ्यानं वाचून दाखवताहेत. गाडीला सर्व्हिसिंग झालं, मैत्रिणीला फोटो पाठवून झाले, शाळेत रजेची चिठ्ठी दिली. अब्बांना विचारायचं राहिलंय.