पिरोजा हिरवा पडला तेव्हा

चमेलीच्या तेलाचा वास आला की बुधवार पेठेतलं ते जवाहिऱ्याचं दुकान आठवतं, जिथे मी खडे पारखायचो. ज्या कारभाऱ्याने खडे बदलल्याचा खोटा आळ घेऊन माझ्या वडिलांना सरदारांच्या वाड्यातून हाकललं होतं, तोच एका सकाळी इराणी पिरोजा घेऊन आला. आभाळासारखा निळा, अस्सल. त्याने मला ओळखलं नाही. "सरदारांना नजराणा द्यायचाय. आणखी झळकेल का?" पिरोजा तेल पितो आणि कायमचा हिरवट पडतो, हे मला वडिलांनीच शिकवलं होतं. मी म्हणालो, "महिनाभर चमेलीच्या तेलात ठेवा, रावसाहेब." पुढे भर दरबारात सरदारांनी तो मळकट खडा त्याच्या अंगावर फेकला आणि लबाड म्हणून त्याला कामावरून काढलं. आज म्हातारपणीही मला त्याचा पश्चात्ताप नाही. ते पाहायला वडील उरले नव्हते, एवढंच सलतं.